क्विन्यामान घरी करतेय, पण बटर सगळं ट्रेमध्ये उतरतंय (नाशिक, ओटीजी) – मदत हवी

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय पण तीन खेपांत मिळून ६०० ग्रॅम बटर गेलंय आणि आता कुणाला तरी नीट विचारल्याशिवाय चौथ्यांदा हात लावायचा नाही असं ठरवलंय.

मुलगा फ्रान्सला रेन शहरात शिकतोय. मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा तो आम्हाला दुआर्नने म्हणून समुद्रकाठचं एक गाव आहे तिथे घेऊन गेला. तिथे हा क्विन्यामान, म्हणजे कणीक, बटर आणि साखरेचा पदरांचा केक, खाल्ला, गरम. वरचा थर साखरेचा, काचेसारखा, चावला की कडकन मोडतो, आणि आत पदर असे ओलसर मऊ, बटरने माखलेले, आणि गोडाच्या मागून हलकीशी खारट चव येते. आमच्या ह्यांना गोड आवडत नाही, दिवाळीत करंजीसुद्धा अर्धी खातात, त्यांनी स्वतःहून दुसरा तुकडा मागितला. मुलगा २४ डिसेंबरला घरी येतोय आणि मला तो आला की हे गरम गरम त्याच्यासमोर ठेवायचंय, बाकी काही नाही.

आता काय झालं ते सांगते. मैदा ३०० ग्रॅम, पाणी १८० मिली, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ, अमूलचं नेहमीचं बटर २०० ग्रॅम आणि साखर २०० ग्रॅम. पहिल्या वेळी दुपारी केलं, ऑक्टोबर हीट, किचनमध्ये ३० डिग्री असणार, बटर लाटताना बाजूने बाहेर यायला लागलं, ओटा तुपकट झाला आणि शेवटी ब्रेड झाला, पदर एकही नाही. दुसऱ्या वेळी म्हटलं गार ठेवू, तर फ्रीझरमध्ये तासभर ठेवलं आणि लाटायला घेतलं तर आतल्या बटरच्या ठिकऱ्या झाल्या, वरून कणकेतून दिसत होत्या, फुटलेल्या फरशीसारख्या. तिसऱ्या वेळी बटर बऱ्यापैकी जमलं पण साखर पहिल्याच घडीपासून (बटर भरलेली कणीक लाटून तिची घडी घालतात, असं तीनदा) घातली आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, सकाळी डबा उघडला तर खाली पाकाचं तळं, कणीक चिकट, पोळपाटावरून उचलताच येईना. तरी भाजलं. खाली बटरमध्ये तळल्यासारखं झालं आणि मध्ये कच्चं.

माझं कुठे चुकतंय? आणि आपल्याकडच्या मैद्याने अन् बटरने हे होतं तरी का?

सकाळची_शिफ्ट:
ताई, होतं. मी इंदिरानगरला घरूनच बेकिंगच्या ऑर्डर घेते, क्रोसाँ (बटरच्या पदरांचे फ्रेंच रोल) आठवड्यातून दोनदा करते, क्विन्यामान थंडीतच करते. तुमच्या तिन्ही खेपांत तीन वेगळ्या चुका आहेत म्हणजे तुम्ही जवळ आला आहात.

पहिल्या दोन एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बटर १३ ते १६ डिग्रीच्या मध्ये असेल तेव्हा ते लाटता येतं, त्याच्या खाली गेलं की तुटतं आणि वर गेलं की कणकेत मुरतं. ऑनलाईन ३००-४०० रुपयात टोचायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्याच. नसेल तर बटर पेपरमध्ये बटरचा चौकोन चपटा करून फ्रीजमध्ये ठेवा आणि काढल्यावर तो वाकवून बघा, रेक्झिनच्या पट्ट्यासारखा वाकला पाहिजे, तडा जायला नको आणि बोटाला चिकटायला पण नको. त्याच क्षणी लाटायला घ्यायचं. फ्रीझरमध्ये ठेवू नका, साध्या फ्रीजमध्ये प्रत्येक घडीनंतर ३०-४० मिनिटं पुरतात, आणि दुसऱ्या घडीनंतर कणीक आखडायला लागली, लाटणं उचललं की मागे सरकते ना, तर जबरदस्ती न करता परत आत ठेवा.

तिसरी चूक साखरेची. साखर पाणी ओढते, कणकेतलं पाणी तिने रात्रभर ओढलं आणि पाक झाला, बाकी काही नाही. साखर फक्त शेवटच्या घडीला. म्हणजे पहिल्या दोन घड्या नुसत्या बटरच्या, तिसऱ्या घडीत साखर पसरायची, आणि मग पिठाऐवजी साखरेवरच लाटायचं. त्यानंतर फ्रीजमध्ये मुक्काम नाही. लगेच कापा, साच्यात घाला, अर्धा पाऊण तास फुगू द्या आणि ओव्हनमध्ये.

किराणा दुकानातली साखर आपल्याकडे जाड येते, ती मिक्सरला एक-दोन झटके देऊन थोडी बारीक करा. पिठीसाखर मात्र नको, ती लगेच विरघळते.

निफाडची_मावशी:
मी हा पदार्थ खाल्लेला नाही पण पदर सोडवायचं काम माझ्या हाताला चाळीस वर्षं माहिती आहे, चिरोटे करते मी. ताई तुम्ही चिरोटे करता का? करत असाल तर तुम्हाला हे अर्धं येतंच.

साटा आठवा. तूप फेसून फेसून हलकं करायचं आणि त्यात तांदळाची पिठी नाहीतर कॉर्नफ्लोअर, पाण्यात थेंब टाकला तर तरंगला पाहिजे. साटा पातळ झाला तर पोळीत मुरतो आणि तळताना पदर एकमेकांना धरून बसतात, घट्ट राहिला तर लाटताना पोळी फाडतो. तुमची पहिली खेप म्हणजे पातळ साटा आणि दुसरी म्हणजे घट्ट साटा. मी लाटायच्या आधी एका अंगठ्याने कणकेचा गोळा दाबते आणि दुसऱ्याने साटा, दोन्ही सारखेच दबले पाहिजेत, एक मऊ एक कडक चालत नाही. थर्मामीटर घ्या जरूर पण अंगठ्याचं पण ऐका.

एक विचारते, घरचं लोणी का नाही वापरत? आमच्याकडे म्हशीचं घट्ट लोणी निघतं, बाजारच्या बटरपेक्षा चांगलं.

सकाळची_शिफ्ट:
मावशी साट्याचं तुम्ही फार मोलाचं सांगितलंत, मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना आता असंच सांगणार.

लोण्याचं मात्र ऐका, मी करून बघितलंय. विकतच्या बटरमध्ये फॅट किमान ८० टक्के असतं आणि पाणी जास्तीत जास्त १६, ते पाणीच भट्टीत वाफ होऊन पदर उचलतं. घरच्या लोण्यात ताकाचा अंश आणि पाणी किती राहिलंय याचा भरवसा नसतो, लाटताना ते पाणी सुटतं आणि कणीक गिच्च होते. चार-पाच पाण्याने धुऊन, मलमलच्या फडक्यात दाबून, परत गार करून बघता येईल पण पहिल्यांदा शिकताना नको. अमूलचं खारं बटरच घ्या. कणकेतलं मीठ मात्र कमी करा, ३०० ग्रॅम मैद्याला ३ ग्रॅम बास.

भट्टीवाला_नातू:
माझ्या आजोबांची जुन्या नाशकात खारीची भट्टी होती, लाकडाची, लहानपणी सुट्टीत मी तिथेच असायचो. खारी पण हेच काम आहे, फक्त साखर आणि यीस्ट नाही. बेकरीत खारीला बटर वापरत नाहीत, मार्गरीन (वनस्पती तेलाचं, बटरसारखं) वापरतात, कारण ते उशिरा वितळतं, मे महिन्यात भट्टीशेजारी टेबलवर पण टिकतं. म्हणून बेकरीवाला दुपारी दोनला खारी लाटू शकतो, तुम्ही बटर घेऊन नाही. बटर ३२-३५ डिग्रीला पाणी होतं. तोंडात ते विरघळतं आणि मार्गरीन टाळूला चिकटून राहतं, म्हणून तुम्ही बटरच धरलंय ते बरोबर केलंय.

मला वाटतं खाली बटर साचायचं अजून एक कारण आहे. ताई तुम्ही फुगायला कुठे ठेवलं होतं? बरेच जण ओटीजीमध्ये लाईट लावून नाहीतर गरम पाण्याच्या भांड्यासोबत ठेवतात, आणि भाजायच्या आधीच बटर वितळून जातं. २५-२६ डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका. आणि उलट, कमी फुगलं असेल तरी बटर गळतं, कारण कणीक घट्ट असते आणि बटर धरून ठेवायला तिच्यात जागाच नसते. फुगलेलं कसं ओळखायचं तर साचा हलवला की वरचे पदर थरथरले पाहिजेत.

द्राक्षवेल:
ओटीजीत लाईट लावूनच ठेवलं होतं!! तिन्ही वेळा. कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं होतं. साधा ब्रेड त्यात छान फुगतो म्हणून डोक्यातच आलं नाही.

मावशी मी चिरोटे करते, सासूबाईंनी शिकवलेत, आणि साटा फेसताना मी कधी फ्रीजकडे बघितलं पण नाही, हाताला कळतं तेवढ्यावर करते. हे दोन्ही एकच काम आहे हे तुम्ही सांगेपर्यंत सुचलंच नव्हतं.

रेनचा_शेजारी:
मी चार वर्षं ब्रिटनीत (रेन, दुआर्नने ज्या फ्रेंच प्रांतात येतात तो) नोकरीला होतो, आता परत आलोय, पाथर्डी फाट्याला राहतो. ताई तुम्ही खाल्लात ते अस्सल ठिकाणचं. दुआर्नने हे सार्डीन माशाचं बंदर, आणि क्विन्यामान तिथलाच, साधारण १८६० च्या सुमाराचा, स्कोर्दिया नावाच्या बेकरचं नाव त्याला जोडलं जातं. तिथल्या ब्रेतों भाषेत क्विन्य म्हणजे केक आणि आमान म्हणजे बटर, सरळ नाव आहे. तिथल्या जुन्या हिशोबात ४० टक्के ब्रेडची कणीक, ३० टक्के बटर आणि ३० टक्के साखर असते, त्यामुळे तुमचं २०० ग्रॅम त्यांच्या मानाने कमीच आहे, पण शिकताना कमीच ठेवा, गळायला तेवढंच कमी.

तुम्हाला जी खारट चव आठवतेय ती योगायोगाची नाही. राजेशाहीच्या काळात फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता पण ब्रिटनीला त्यातून सूट होती, म्हणून तिकडे बटरमध्ये मीठ घालायची पद्धत टिकली आणि आजही तिथल्या घरात खारंच बटर असतं. म्हणजे आपण लहानपणापासून पावाला लावतो ते खारं बटर इथे शोभून दिसतं. बिनमिठाचं महागडं इंपोर्टेड आणायच्या भानगडीत पडू नका.

अजून एक. दुआर्ननेत तो मोठा, थाळीएवढा, गोल करतात आणि कापून देतात. कपकेकच्या साच्यातले छोटे ही नंतरची पद्धत. घरच्या ओटीजीला मात्र छोटेच बरे, मध्ये कच्चं राहत नाही. १० सेंटीमीटरचे चौकोन कापा, चारी कोपरे मध्ये दुमडा आणि बटर-साखर लावलेल्या साच्यात बसवा.

सकाळची_शिफ्ट:
आणि बाहेर काढल्यावर फोन घ्यायला जाऊ नका. साखर गरम आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांत, साचा उलटा करून जाळीवर काढायचे. गार झाले की कॅरॅमल दगड होतं आणि तळ साच्यातच राहतो. हात सांभाळा, ती साखर उकळत्या तेलापेक्षा वाईट भाजते, चिकटून बसते.

द्राक्षवेल:
परत आले, आज १४ डिसेंबर. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

काल रात्री कणीक तिंबून फ्रीजमध्ये ठेवली आणि पहाटे साडेपाचला उठले. बाहेर कडाक्याची थंडी, खिडकी उघडी ठेवली, किचनमध्ये १८ डिग्री. ग्रॅनाईटचा ओटा हाताला बर्फासारखा लागत होता. बटरचा चौकोन वाकवला, रेक्झिनसारखा वाकला. मग मावशींचं आठवून दोन अंगठ्यांनी दाबून बघितलं तर कणीक जरा मऊ होती, तिला अजून दहा मिनिटं आत ठेवली. पहिल्या घडीला लाटणं फिरवताना बटर आतल्या आत पसरतंय ते हाताला जाणवत होतं, कुठे गाठ नाही, कुठे फुटणं नाही, आणि कडेला कापून बघितलं तर पिवळ्या रेघा, वहीच्या पानांसारख्या. तिसऱ्या घडीला साखर घातली. लाटताना ती करकर वाजत होती आणि दोन ठिकाणी कणीक फाटली, पण चालवून घेतलं.

देवघरासमोरच्या कोपऱ्यात पाऊण तास ठेवले, थरथरले. १९० ला ३५ मिनिटं. ट्रेमध्ये बटर जेमतेम चमचाभर उतरलं होतं. साचा उलटा केला आणि सहाच्या सहा सुटून आले, तांब्याच्या रंगाचे, खाली काचेसारखा थर. ह्यांनी पहिला फोडला, कडकन आवाज आला, आणि मला म्हणाले, "तेच आहे गं."

फक्त सहापैकी दोनांचा तळ जास्त झाला, कडवट. आणि मुलगा २४ ला रात्री उशिरा घरी पोचेल, सकाळी उठला की गरम द्यायचेत. करून फ्रीझ करून ठेवता येतील का?

भट्टीवाला_नातू:
वा ताई! कडवट झाले ते मागच्या बाजूचे असतील, बहुतेक ओटीजी मागून जास्त तापतात. खाली एक रिकामा ट्रे अजून ठेवा म्हणजे रॉडची आच थेट लागणार नाही, आणि २० मिनिटांनी साचा फिरवा.

सकाळची_शिफ्ट:
किती बरं वाटलं वाचून. साखर घातलेले कच्चे फ्रीझ करू नका, बाहेर काढल्यावर परत तोच पाक होईल. दोन घड्या झालेली, बिनसाखरेची कणीक घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, आठवडाभर राहते. २४ ला दुपारी ती खालच्या फ्रीजमध्ये आणा, आणि २५ ला पहाटे उठून साखरेची घडी, कापणं, फुगवणं आणि भाजणं एवढंच उरेल. साडेपाचला सुरू केलंत तर आठच्या आत जाळीवर असतील.

निफाडची_मावशी:
लेक उठायच्या आधी वास घरभर गेला पाहिजे. आणि चार चिरोटे पण करा गं त्याच्यासाठी, तिकडे मिळत नसतील.