टायबेरियसचा डेनारियस: नाव वाचलं म्हणजे नाणं ओळखलं का?

ल्योंकर: इथे ल्योंला रविवारच्या जुन्या बाजारात 180 युरोंना चांदीचं नाणं घेतलं. छाप्यावर पानांचा मुकुट घातलेलं डोकं, कडेनं 'टीआय सीझर डिव्ही ऑग एफ ऑगस्टस'. मागे बसलेली बाई, हातात फांदी, 'पॉन्टिफ मॅक्सिम'. व्यास 18 मिमी, वजन 3.41 ग्रॅम. केसांची बट न् बट मोजता येते! 'टीआय' म्हणजे रोमन सम्राट टायबेरियस, इ.स. 14 ते 37, आणि नाणं त्याचा डेनारियस, रोमनांचं चांदीचं नाणं. विकणारा म्हणाला, बायबलमधल्या 'कैसराचे ते कैसराला' (कैसर म्हणजे सीझर, रोमन सम्राट) यातलं नाणं ते हेच. विषय संपला ना?

पैचापाई: कसला संपतोय! वजन बघा. या नाण्याचं वजन पावणेचारच्या आसपास हवं. पुढचा सम्राट निरो, त्याने इ.स. 64 मध्ये एका रोमन पौंडात 84 ऐवजी 96 नाणी पाडायला लावली, तेव्हा ते 3.4 वर आलं. तुमचं नाणं नंतरचं आहे.

टाकसाळ्या: अहो, निरोच्या काळात मेलेल्या टायबेरियसच्या नावानं कोण नाणी पाडेल? हा प्रकार ल्योंच्याच टाकसाळीचा, तेव्हाच्या लुग्डुनमचा, आणि अमाप पाडलेला. हातोहात फिरून झिजलंय, दुसरं काय.

पैचापाई: निरोचं मागे घेतो, चुकलंच. पण झिजलंय म्हणता, मग बट न् बट कशी दिसते? झिजलं तर आधी केस जातात. ठसा ताजा आणि वजन कमी, इथेच पाणी मुरतंय.

सराफकट्टा: ओतीव असणार. कडेवर भिंग धरा, साच्याचा सांधा किंवा बारीक छिद्रं दिसतात का? आणि ते बायबलचं सोडा हो. तिथे फक्त डेनारियस म्हटलंय, मुखवटा कैसराचा. कोणत्या कैसराचा ते सांगितलेलं नाही. नावाला भुलून लोक दुप्पट पैसे मोजतात.

ल्योंकर: सांधा नाही, छिद्रं नाहीत. पण मानेखाली कडेला तिळाएवढा तांबूस डाग आहे. मळ समजत होतो.

टाकसाळ्या: मळ नाही, तांबं असेल ते! वरून चांदीचा पत्रा, आत तांबं. तांबं हलकं, म्हणून वजन कमी. असली बनावट रोमन काळातही सर्रास चालायची, म्हणजे तुमचं नाणं खोटं असूनही दोन हजार वर्षांचं असू शकतं. मला तर अस्सलपेक्षा हेच आवडेल.

सराफकट्टा: आवडेल तुम्हाला, 180 युरो त्यांचे गेलेत! खोटं ते खोटं. कडेला कानस लावा, क्षणात कळेल.

पैचापाई: कानस अजिबात नको. दोऱ्याला टांगून पाण्यात तोला. चांदीचं असेल तर साधारण 0.33 ग्रॅम कमी भरेल, जास्त घटलं तर आत तांबं. काटा मात्र शतांश ग्रॅम दाखवणारा हवा.

ल्योंकर: तसला काटा एका मित्राकडे आहे, कॉफी मोजायला घेतलेला. उद्या दोरा घेऊन जातो.