शेताचा कोपरा गरिबांसाठी: नक्की किती सोडायचा?

प्रश्न (पोथीवाचक): बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आज्ञा आहे की कापणी करताना शेताची कड कापू नका, पडलेला सरवा वेचू नका. पण माप दिलेलं नाही. मिश्ना (ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह) एकदा म्हणते ‘पेआला (गरिबांसाठी सोडलेल्या कडेला) माप नाही’, लगेच पुढे म्हणते ‘साठाव्या भागापेक्षा कमी नको’. यातलं खरं काय धरायचं? आणि कोपरा शेताच्या शेवटीच का सोडायचा?

कणसाळ: दोन्ही खरं. तोरात (लेवीय ज्यात येतं त्या ज्यू धर्मग्रंथात) माप नाही. 1/60 ही ज्यू ऋषींनी घातलेली खालची मर्यादा. साठ ओळी असतील तर एक पूर्ण ओळ उभी ठेवायची. त्याहून जास्त किती, ते शेताचा आकार, गरिबांची संख्या आणि पिकाची बरकत पाहून ठरतं. भाजीपाल्याला हा नियम नाही. एकाच वेळी काढून साठवायच्या पिकालाच आहे.

शेवटी का, हे फार मोलाचं आहे. मालकाला मधेच कुठेही तुकडा सोडता आला, तर कुणी नसताना तो नात्यातल्या गरिबाला हळूच बोलावून घेईल. बाकीचे दिवसभर बांधावर ताटकळत बसतील. जागा आधीच ठरलेली असली की सगळे एका वेळी तिथे येतात.

विळा-कुदळ: इथे एक गैरसमज नेहमी होतो. हे दान नाही, गरिबांचा हक्क आहे. मालकाने एकाला वेचू दिलं आणि दुसऱ्याला अडवलं, किंवा एकालाच मदत केली, तर मिश्ना त्याला गरिबांना लुटणारा म्हणते.

उभ्या धान्यात नव्व्याण्णव जण ‘वाटून द्या’ म्हणाले आणि एकटा म्हणाला ‘ज्याच्या हाती लागेल त्याचं’, तरी त्या एकट्याचं ऐकायचं. खजूर आणि उंच वेलीला उलट: चढून कुणी पडेल, म्हणून मालक स्वतः उतरवून वाटतो. विळा-कुदळ आणायची नाही, कारण गर्दीत एकमेकांना लागते. कुणी ढिगावर अंग टाकलं किंवा चादर पसरून हक्क सांगितला, तर तेवढं त्याच्याकडून काढून घेतात.

सरव्याचीही बारीक मोजणी आहे: दोन कणसं पडली तर गरिबांची, तीन पडली तर मालकाची (हिल्लेल या ज्यू गुरूच्या पंथाचं मत). कापणाऱ्याच्या हातात काटा रुतून मूठ सुटली, तर तीही मालकाचीच. शंका राहिली की मात्र माल गरिबाचा.

पोथीवाचक: मग घेणारा गरीब कोण, हे कसं ठरवायचं?

कणसाळ: 200 झूझ (चांदीची नाणी, यालाच दिनारही म्हणत) असतील त्याने घ्यायचं नाही. एक दिनार कमी, म्हणजे 199 असतील, तर एकाच वेळी हजार मिळाले तरी घेता येतात. हा कठोर वाटणारा आकडा माणसाला आधार द्यायला आहे: घर आणि भांडी विकायला लावायची नाहीत. पण 50 झूझ धंद्यात फिरवत असेल, तर त्याने हात लावायचा नाही.

विळा-कुदळ: आणि शेताखेरीज गावात कुप्पाही चालतो, म्हणजे गरिबांसाठीची सार्वजनिक पेटी. दोघे गोळा करतात, तिघे वाटतात, शुक्रवार ते शुक्रवार. वाटपाला तिसरा लागतो कारण कुणाला किती, हा न्यायनिवाडाच असतो. वाटसरूला त्याच दिवशीचं जेवण मिळतं, ते तम्हुई, वेगळ्या पातेल्यातून.