घरकुलाच्या यादीतून नाव गळाले, पण कारण कोणी सांगितले नाही: कोकणातील अनुभव

गेली काही वर्षे मी आमच्या वाडीतील शेजाऱ्यांना घरकुलाचे अर्ज लिहून देत आहे. या कामात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, ज्याचे नाव यादीतून गळते त्याला त्याचे कारण कागदावर मिळत नाही. 'तुमचे बसत नाही' एवढेच तोंडी सांगितले जाते आणि तो माणूस पुढच्या पावसाळ्यासाठी प्लॅस्टिकचा कागद विकत आणतो. २०१६ साली इंदिरा आवास योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. तिचे निकष देशभर सारखेच आहेत, पण कोकणातील जमीन, समुद्र आणि पाऊस त्या निकषांत नीट मावत नाहीत, असे माझे मत झाले आहे. म्हणून आपापले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. कोणत्या वर्षीच्या यादीत नाव होते, काय कारण सांगितले गेले आणि ते लेखी होते की तोंडी, हे अवश्य नमूद करावे. गावाचे किंवा व्यक्तीचे नाव लिहू नये.

रत्नागिरी जिल्हा, खाडीकाठची वाडी

माझे पती वारल्यापासून मी आणि माझी मुलगी कुडाच्या भिंतींच्या घरात राहतो. माझे नाव मंजूर यादीत आले होते, त्यामुळे माझी तक्रार नाव गळाल्याची नाही, आलेले नाव परत गेल्याची आहे. घर ज्या जागेवर आहे तिचा सातबारा सामायिक असून त्यावर सतरा नावे आहेत. इतर हिस्सेदारांची संमतीपत्रे आणा, असे मला सांगण्यात आले. हे हिस्सेदार मुंबईला, विरारला आणि एक तर बडोद्याला राहतात. सगळे एकत्र भेटतात ते फक्त गणपतीत, म्हणून मी भाद्रपदापर्यंत थांबले आणि आरती झाल्यावर घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. माझ्या चुलत दिरांनी आणि जावांनी कोणतीही खळखळ केली नाही, हे मुद्दाम सांगते. परंतु दोन हिस्सेदार वारलेले होते आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नव्हती. ती नोंद होईपर्यंत शिमगा उजाडला. कागद घेऊन गेले तेव्हा समजले की मुदतीत जागेचा पुरावा दिला नाही म्हणून माझे मंजूर घर पुढच्या नावाला देण्यात आले आहे. मुदत किती होती हे मला आधी कोणी सांगितले असते, तर मी मे महिन्यात स्वतः मुंबईला गेले असते.

सिंधुदुर्ग जिल्हा

आमचे घर चिऱ्याचे असून ते आजोबांनी बांधले. आम्ही तिघे भाऊ त्यात वेगळे राहतो, प्रत्येकाची चूल वेगळी आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच खोली. पाहणीसाठी आलेल्या माणसाने पडवीत उभे राहून सगळ्या खोल्या एकत्र मोजल्या आणि 'पक्के घर, दोनपेक्षा अधिक खोल्या' असे लिहिले. या निकषावर कुटुंब थेट बाद होते. माझ्या खोलीचे वाशे वाळवीने खाल्ले आहेत आणि दरवर्षी शाकारणीला नळे कमी पडतात, पण भिंत चिऱ्याची दिसली की पुढे कोणी पाहत नाही. आमची तीन वेगळी रेशनकार्डे असूनही ती मागितली गेली नाहीत.

रायगड जिल्हा, किनाऱ्यावरील गाव

मी मासेमारी करतो. यंत्र बसवलेली मासेमारी नौका ज्या घरात आहे ते कुटुंब घरकुलास अपात्र, असा नियम होता. माझी होडी दोन माणसांची, तिला बाहेरून लावायचे लहान इंजिन, तेही सोसायटीच्या कर्जातून घेतलेले. मोठ्या ट्रॉलरचा मालक आणि मी, दोघेही एकाच रकान्यात मोजले गेलो. २०२४ मध्ये ही अट काढण्यात आली, दुचाकी आणि फ्रीजची अटही गेली आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजार झाली. हे मला दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडून कळले. आमच्या गावात त्याची दवंडी नाही, फळ्यावर सूचना नाही. तेव्हा नव्या सर्वेक्षणात आपली नोंद झाली आहे का, हे दर्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतः जाऊन तपासावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात माझ्या घराचे छप्पर उडाले, त्यानंतरची चार वर्षे मी एका इंजिनामुळे अपात्र होतो, याचे दुःख अजून जात नाही.

रायगड जिल्हा, आदिवासी वाडीवर शिकवणारी शिक्षिका

कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २०१८ च्या जानेवारीत, आधीच्या यादीतून राहून गेलेल्या कुटुंबांची नोंद करणारे 'आवास प्लस' सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हा आमच्या वाडीवर फक्त म्हातारी माणसे होती. बंद झोपड्यांपुढे 'कुटुंब आढळले नाही' असे लिहिले गेले. पुढे नोव्हेंबर २०२३ पासून अतिदुर्बल आदिवासी गटांसाठीच्या पीएम जनमन या केंद्राच्या योजनेत कातकऱ्यांसाठी दोन लाख रुपयांचे घर आले, ही मोठी गोष्ट आहे आणि आमच्याकडे काही घरे खरोखर उभी राहिली. ज्यांची झोपडी खासगी मालकाच्या जमिनीवर आहे, त्यांची मात्र अजून उभी राहिलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहूनही मालकाने 'हो' म्हटल्याशिवाय त्यांना एक चिराही ठेवता येत नाही. जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून एक लाखापर्यंत साहाय्य मिळते, परंतु महामार्गालगत त्या पैशात अर्धा गुंठाही कोणी देत नाही.

रत्नागिरी जिल्हा

मला घरकुल मिळाले. ग्रामसेवकांनी प्रत्येक कागद स्वतः समजावून सांगितला. अडचण आली ती पहिल्या हप्त्याची, कारण पंधरा हजारांत जोते होत नाही आणि जोत्याचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. त्यातच जून लागला आणि चार महिने काम थांबले.

माजी ग्रामपंचायत सदस्य, रत्नागिरी जिल्हा

वरील अनुभव वाचून मला आमच्या बाजूचे लिहावेसे वाटले. मूळ प्राधान्यक्रम २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून वरून ठरून आला होता. आम्ही सदस्य नावे घालतो हा समज त्यामुळे पूर्णपणे खरा नाही. तरीही ग्रामसभेला यादी तपासण्याचा आणि अपात्र नावे वगळण्याचा अधिकार होता आणि तो आम्ही नीट वापरला नाही. आमच्या गावात ग्रामसभेला शंभर माणसे किंवा पंधरा टक्के मतदार जमत नसत. सभा तहकूब होई. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पुढच्या वेळी वीस-बावीस जणांसमोर यादी भराभर वाचून मंजूर केली जाई. खालच्या वाडीतील माणसे त्या वेळी लावणीत असत. ज्यांची नावे वगळली त्यांना पत्र पाठवावे, असे मी एकदा सुचवले होते. 'टपालाचा खर्च कोण करणार' असे उत्तर आले आणि मी पुन्हा विषय काढला नाही. मी आग्रह धरायला हवा होता.

धागा सुरू करणाऱ्याकडून

काकी, तुमचे मंजूर घर कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीने पुढच्या नावाला गेले, याची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जाचा मजकूर मी लिहून देतो. सिंधुदुर्गच्या भावांनी तिन्ही रेशनकार्डांच्या आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या प्रती जोडून, ग्रामसभेच्या आठ दिवस आधी लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. सामायिक सातबाऱ्यावर, वाटप न होता, ज्यांचे घरकुल पूर्ण झाले आहे अशा कोणी संमतीपत्राचा स्वीकारला गेलेला नमुना येथे दिला, तर या गणपतीच्या आधी आमच्या वाडीतील चार घरांना तो वापरता येईल.