सोलापुरात तळ्याकाठी दोन-तीन दिवस, आईला घेऊन

गोदाकाठची_लेक
नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेरीस नाशिकहून गाडीने हंपीला निघतोय. मी, नवरा आणि आई. आईचे गुडघे दुखतात, तरी वाटेत पंढरपूर आणि तुळजापूर तिला करायचंच आहे. दोन्हीकडच्या रांगांनंतर तिला लगेच विजापूरच्या रस्त्याला लावायचं माझ्या जिवावर आलंय, म्हणून मध्ये सोलापुरात थांबायचा विचार आहे. जवळ पाणी असावं एवढीच तिची अट. ज्याला विचारावं तो सांगतो, सोलापुरात फक्त मुक्काम टाका, अक्कलकोट करा, चादरी घ्या आणि निघा. तिथे तळ्याकाठी खरंच निवांत बसता येतं का?

सिद्धेश्वरपेठेतले_गुरुजी
ताई, आईंना जरूर घेऊन या. मी याच तळ्याच्या आसपास वाढलो, इथल्याच शाळेत शिकवलं, आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी तिथेच असतो.

सिद्धेश्वर तलाव गावाच्या ऐन मध्यात आहे. तळ्यात मंदिर आणि काठाला भुईकोट किल्ला. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, हे तळं लोकांच्या श्रमांतून उभं केलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बसवेश्वर, अल्लमप्रभू यांच्या काळातले हे शिवयोगी. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि त्यांची समाधी याच मंदिराच्या आवारात आहे. गावाभोवती त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापली. जुनी माणसं अजून त्यांची प्रदक्षिणा करतात, पण आईंच्या गुडघ्यांना ती नको.

आईंना सकाळी लवकर आणा. ऊन चढायच्या आत. दर्शनाची घाई करू नका, आधी पाण्याकडे तोंड करून बसू द्या. समोर किल्ल्याचे बुरूज दिसतात. कुणी कन्नडमध्ये स्तोत्र म्हणतं, शेजारी दोन बायका तेलुगूत बोलत असतात, फुलवाला तुमच्याशी मराठीत बोलतो. इथे ते सगळं एकाच माणसाच्या तोंडीही ऐकू येईल. गाव सपाट आहे, टेकडी-घाट काही नाही, आणि रिक्षा पार जवळपर्यंत येते. सोमवारी मात्र गर्दी असते, तो दिवस टाळा.

दुपारी खोलीवर झोप. डिसेंबरातही आमचं दुपारचं ऊन लागतं. संध्याकाळी किल्ल्यातल्या बागेत जा, पण बंद व्हायची वेळ आधी विचारून घ्या. यजमानांना बहामनी काळातल्या बांधकामात रस असेल तर ते तटाच्या कडेने हिंडतील, आई बाकावर बसतील.

एक खरं सांगतो, उन्हाळ्यात मी कुणालाच बोलावत नाही. पारा चाळिशीच्या वर जातो, तळं आटतं, पाणी हिरवं पडतं. निर्माल्य पाण्यात टाकणारे तर बारमाही आहेत, ते बघून माझा जीव तुटतो. पण तुम्ही योग्य वेळी येताय.

माळढोक_वाट
गुरुजींनी गावातलं तळं सांगितलं, मी गावाबाहेरचं सांगतो. तुळजापूरहून येताना सोलापूरच्या अलीकडेच हिप्परग्याचा तलाव लागतो. कागदोपत्री एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळातला मातीचा बांध. हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. गाडी रस्त्याच्या कडेला नीट सुरक्षित लावा आणि आईंना खिडकीतून बघू द्या, उतरायचीही गरज नाही. दुर्बीण असली तर उत्तम. विजापूर रस्त्याला कंबर तलाव आहे, आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात. निघायच्या दिवशी तो वाटेवरच पडेल.

अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर आहे. आईंना ओढ असेल तर सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. पण त्याच दिवशी गाणगापूरही जोडू नका. तीन दिवसांत सात देवस्थानं करून माणसं आजारी पडलेली मी पाहिली आहेत.

गोदाकाठची_लेक
गुरुजी, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती म्हणते अक्कलकोट पुढच्या वेळी, यंदा बसायचंच. आता दोन प्रश्न. तिला तिखट चालत नाही, तर खायचं काय? आणि सुट्टीच्या अडचणीमुळे प्रवास जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ढकलावा लागला तर चालेल का?

शेंगापोळी
खाण्याचं माझ्याकडे लागलं! शेंगाचटणी, म्हणजे शेंगदाण्याची, तिखट असते, पण दह्यात कालवली की आईंना चालेल. ज्वारीची कडक भाकरी दुधात किंवा आमटीत चांगली मुरू द्या, दातांना त्रास नको. शेंगापोळी तूप लावून द्या, ती गोडच असते. कुठे हुग्गी मिळाली तर सोडू नका, गव्हाची खीर आहे. थंडीत शेतावर ज्वारीचा हुरडा सुरू होतो, कुणी ओळखीचं भेटलं तर संकोच न करता जा. पार्क चौपाटीवर, म्हणजे आमच्या खाऊगल्लीत, मात्र तुम्ही दोघंच जा, आईंना तिथलं झेपणार नाही.

सिद्धेश्वरपेठेतले_गुरुजी
ताई, जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे आमची गड्ड्याची यात्रा, सिद्धेश्वरांचीच. १२ जानेवारीला गावात चार हुतात्म्यांचं स्मरण असतं. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी कायदा) मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली त्याच तारखेला फाशी दिलं. आणि लगेच संक्रांतीच्या सुमारास ही यात्रा. सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घातलेली माणसं त्या उंच काठ्यांचं ओझं पेलत चालतात, आणि संमती कट्ट्यावर ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ म्हणत सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात. होम मैदानावर पाळणे आणि दुकानं.

मी हा सोहळा जिवापाड जपतो. तरीही आईंना त्या दिवसांत आणू नका म्हणेन. तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नसते आणि रस्ते वळवलेले असतात. डिसेंबर जमत नसेल तर जानेवारी सरत आल्यावर या, थंडी तेव्हाही असते. यात्रा बघायची असेल तर पुढच्या वर्षी तुम्ही दोघं या, अक्षता टाकायला कुठे उभं राहायचं ते मी सांगेन.

खोली घेताना तळ्यापासून अंतर विचारा आणि लिफ्ट आहे का तेही. आणि चादर शेवटच्या दिवशी घ्या, आधी घेतलीत तर उगाच गाडीतली जागा अडेल.

गोदाकाठची_लेक
ठरलं, जानेवारीचा शेवटचा आठवडा. सोमवार वगळून खोली बघते.