छोट्या ॲपल पायचा तळ कच्चा राहतो

प्रश्न: मफिनच्या सिलिकॉन साच्यात १८० अंश सेल्सिअसवर छोटे ॲपल पाय भाजते, तेव्हा वरची पारी खुसखुशीत होते, पण तळ चिकटच राहतो. यावर उपाय सुचवावा.

उत्तर १: सफरचंदाच्या फोडी साखरेत शिजवून, सुटलेला रस कॉर्नफ्लोअरने दाट करावा आणि सारण पूर्ण गार झाल्यावरच भरावे, कारण गरम सारणाने पारीतले लोणी वितळते व ती भाजण्याआधीच रस शोषू लागते.

उत्तर २: सारणाबद्दल सहमत आहे, पण खरी अडचण मला साच्यात दिसते. धातूचा साचा घेऊन तो २०० अंशांवर, खालच्या जाळीवरील आधीच तापलेल्या ट्रेवर ठेवावा. वाफेसाठी वरच्या पारीला चीर हवीच.

उत्तर ३: भिजवलेला मैदा लाटण्यापूर्वी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा; उन्हाळ्यात तर भरलेला साचाही.