मुंबई–गोवा क्रूझ: बोट लागू नये म्हणून आधीपासून काय करावं?

मेधा_देवगड

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही पाच जण मुंबई–गोवा–मुंबई अशा दोन रात्रींच्या क्रूझला जायचं म्हणतोय. बुकिंग अजून व्हायचंय. मला करूळ घाटात हमखास गाडी लागते, अर्धशिशीही आहे. मुलगा सात वर्षांचा. सासूबाई ६८ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू आहे आणि काचबिंदूचे थेंब घालतात. नवरा आणि सासरे ठणठणीत.

एजंट म्हणतो वरच्या मजल्यावरची बाल्कनीवाली केबिन घ्या, मोकळी हवा मिळते. ती बरीच महाग आहे. घ्यावी का? गोळी कोणती आणि कधी घ्यायची, सासूबाईंना चालेल का? आधी मालवणला किल्ल्याच्या होडीत बसून चाचणी घेतली तर काही अंदाज येईल का? आणि एवढं करूनही रात्री केबिनमध्ये त्रास सुरू झाला तर काय करायचं?

जहाजी_रत्नागिरी

मेधाताई, आधी केबिनचं बघा. बाकी सगळं ऐनवेळी सुधारता येतं, जागा बदलून मिळेलच असं नाही.

लाटांवर जहाज मुख्यतः तीन प्रकारे हलतं: डावी-उजवीकडे झुकतं, नाळ (जहाजाचं पुढचं टोक) वर गेली की मागचा भाग खाली जातो असं डोलतं, आणि सगळंच्या सगळं वर-खाली होतं. झुकणं जितकं वर राहाल तितकं जास्त जाणवतं. डोलणं दोन्ही टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यावर सर्वांत कमी असतं. म्हणून लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची केबिन घ्या. एजंटकडे डेकचा नकाशा मागा आणि केबिनचा नंबर त्यावर स्वतः शोधा. नुसतं 'मिडशिप आहे' या शब्दावर जाऊ नका. अगदी पुढे नांगराच्या साखळीचा आवाज येतो, अगदी मागे इंजिन-पंख्याची थरथर असते, त्यामुळे झोपेच्या दृष्टीनंही मधली जागा बरी.

बाल्कनीचा फायदा दिवसा, क्षितिज दिसतं तेव्हा. तुमचा प्रवास बहुतांशी रात्रीचा. अंधारात बाल्कनीतून डोळ्यांना आधार मिळेल असं काही दिसत नाही. नाळेकडची वरची बाल्कनी आणि मध्यावरची खालची बिनखिडकीची केबिन, या दोनांतून तुमच्यासाठी मी डोळे झाकून दुसरी निवडेन. मध्यावर साधी खिडकीवाली मिळाली तर उत्तमच. वाचलेले पैसे गोव्यात खर्च करा.

जहाजाला 'स्टॅबिलायझर' असतात असं एजंट सांगेल. खरं आहे, पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखी पाती असतात. पण ती काम करतात ती मुख्यतः झुकण्यावर, आणि तेही जहाज वेगात असताना. नाळ उचलली जाणं आणि सगळं जहाज वर-खाली होणं त्यांनी फारसं थांबत नाही. पोटात ढवळतं ते नेमकं त्या वर-खाली होण्यानं. सावकाश, साधारण पाच-सहा सेकंदांना एक हेलकावा, ही गती माणसाला सर्वांत वाईट. झटपट हादरे त्यापेक्षा सहज सोसतात.

आता दिशा. फेब्रुवारीत आपला समुद्र एकंदरीत शांत असतो, पण थंडीच्या दिवसांत आखाताकडे शमाल वारे जोरात वाहिले की त्यांच्या लाटा वायव्येकडून कोकण किनाऱ्यापर्यंत येतात. इथे वारा पडलेला असतो आणि तरीही जहाज डोलतं, ते यामुळे. मुंबईहून गोव्याला जाताना या लाटा मागून येतात, परतताना समोरून. पहिली रात्र छान गेली म्हणून निर्धास्त होऊन परतीच्या रात्री गोळी टाळणारे तेव्हाच सापडतात. निघायच्या दोन दिवस आधी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. नुसती उंची बघू नका, लाट कुठल्या दिशेनं येतेय आणि दोन लाटांमध्ये किती सेकंद आहेत तेही त्यात असतं.

किल्ल्याच्या होडीचं विचारलंत, त्यावर मालवणकर सांगतीलच. माझ्या मते त्या चाचणीचा उपयोग नाही.

औषधालय_कुडाळ

गोळीबद्दल लिहितो. आधी एक गोष्ट पक्की करा: ही औषधं त्रास होऊ नये म्हणून आधी घ्यायची आहेत, सुरू झालेला त्रास उतरवण्याची नाहीत. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते. दहापैकी नऊ जण 'बघू, लागली तर घेऊ' म्हणून गोळी पर्समध्ये ठेवतात आणि मग गोळी लागू पडत नाही म्हणतात.

आपल्याकडे दोन गोळ्या सहज मिळतात.

ॲव्होमिन (प्रोमेथाझिन थिओक्लेट, २५ मिग्रॅ.): मोठ्यांना एक गोळी, निघण्याआधी एक ते दोन तास. लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना घेतात. झोप चांगलीच येते, तोंड सुकतं.

स्टुजेरॉन (सिनारिझिन, २५ मिग्रॅ.): मोठ्यांना एक गोळी दोन तास आधी, पुढे लागेल तशी सहा ते आठ तासांनी. झोप तुलनेनं कमी. पाकीट नीट वाचून घ्या. 'फोर्ट' म्हणजे ७५ मिग्रॅ., आणि 'प्लस'मध्ये दुसरं औषध मिसळलेलं असतं. नाव सारखं दिसतं म्हणून काउंटरवर गल्लत होते.

दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत. ज्यानं घेतली त्यानं त्या दिवशी दारू घ्यायची नाही आणि गाडीही चालवायची नाही. गोव्यात उतरून भाड्याची स्कूटर घ्यायचा बेत असेल तर तो नवऱ्यावर सोपवा.

वेळ कशी धरायची? देवगडहून मुंबईला निघताना नव्हे. संध्याकाळचं जहाज असेल तर चेक-इनला दुपारपासूनच बोलावतात, आणि बॅलार्ड पिअरला धक्क्यात जहाज हलत नाही. हलायला लागतं ते बंदर सोडून प्रॉंग्जच्या दीपगृहापलीकडे उघड्या समुद्रात गेल्यावर. जहाज सुटण्याची वेळ बघून त्याआधी दोन तास घ्या, म्हणजे बरोबर जमतं. परतीलाही तसंच.

निघण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी एक गोळी घेऊन बघा. किती गुंगी येते ते घरी कळलेलं बरं.

काय घेऊ नये तेही सांगतो. ओंडेम, एमसेट (ऑन्डॅनसेट्रॉन) आणि डॉमस्टाल (डॉमपेरिडोन) पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांवर चांगली, पण बोट लागण्यावर त्यांचा उपयोग नगण्य. हा गोंधळ कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागापासून सुरू होतो. कान म्हणतो हलतंय, डोळ्यांना केबिनच्या भिंती स्थिर दिसतात. या औषधांचं काम त्या वाटेवर नाही. चक्करेवरची व्हर्टिनही यासाठी नव्हे.

मुलाला सात वर्षांच्या हिशेबानं ॲव्होमिन अर्धी गोळी (१२.५ मिग्रॅ.) देतात, पण त्याचं वजन सांगून बालरोगतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त त्रास होतो, तेव्हा त्याच्याकडे लक्ष हवं. अर्धशिशीवाल्यांनाही जास्त होतो, म्हणून तुम्ही स्वतः गोळी चुकवू नका.

सासूबाईंना मी आपणहून कुठलीच गोळी सुचवणार नाही. दोन्ही औषधं डोळ्याच्या अरुंद कोनाच्या काचबिंदूत धोक्याची ठरू शकतात, डोळ्यातला दाब एकाएकी वाढतो. काचबिंदू कुठला ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. शिवाय या वयात गुंगीत रात्री बाथरूमला उठणं आणि तेवढ्यात जहाज झुकणं, यात पडण्याची भीती बोट लागण्यापेक्षा मोठी. दिलासा एवढाच की वय वाढतं तसा हा त्रास बहुतेकांना कमी होत जातो.

आल्याबद्दल विचारालच. सुंठ दिवसाला एक ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा चमचा, किंवा आलेपाकाच्या वड्या चघळणं पोटाला बरं वाटतं. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, त्यामुळे गोळीच्या जागी नको, गोळीबरोबर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मध्ये दाबायचे पट्टे मिळतात. पुरावा कच्चा, अपाय काही नाही. सासूबाईंना बांधायला हरकत नाही.

किनारा_मालवण

मालवण जेटीपासून किल्ल्यापर्यंतचं अंतर थोडं, आणि तो भाग खडकांच्या आडोशाचा. सकाळी तिथं कुणालाच काही होत नाही. त्यावरून क्रूझचा अंदाज बांधू नका. उलट उघड्या समुद्रात डॉल्फिन बघायला गेलात आणि इंजिन बंद करून होडी तरंगत ठेवली की दहा मिनिटांत उलट्या होतात, आणि तीच माणसं मोठ्या जहाजावर मजेत असतात. छोट्या होडीचं हलणं वेगळं, जहाजाचं वेगळं.

तरीही होडीत बसणार असाल तर सकाळी नऊच्या आत. मतलई वारा जमिनीकडून असतो तोवर पाणी सपाट. दुपारी खारा वारा धरला की बारक्या उभ्या लाटा उठतात. बसायचं मध्यावर, तोंड होडी जाते त्या दिशेला. मागच्या बाजूला डिझेलचा धूर आणि मासळीचा वास असतो, तिथं धडधाकट माणूसही हिरवा होतो. लाइफ जॅकेटचा पोटावरचा पट्टा आवळला तर ढवळतं. थोडा सैल करा, जॅकेट काढायचं नाही. उलटी आलीच तर वारा पाठीवर येईल अशा बाजूला वळा, आणि मागून कुणीतरी कमरेला धरा. स्कुबा करणार असाल तर ॲव्होमिन घेऊन पाण्यात उतरू नका, गुंगीत डायव्हिंग नाही.

खाण्याचं: निघायच्या दिवशी वडे-सागुती नको, तळलेली सुरमई नको. पोट रिकामंही नको, रिकाम्या पोटी चहा तर सर्वांत वाईट. निघण्याआधी दोन तास मऊ भात-वरण, घावणे किंवा पेज. जहाजावर बुफे बघून हात सैल सोडू नका. सोलकढी पचायला हलकी समजतात, पण नारळाच्या रसाचं तेल अशा वेळी पोटात बसत नाही. कोकम सरबत मीठ घालून, घोटभर.

मेधा_देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्यावरची खिडकीवाली मिळतेय, बाल्कनीपेक्षा बरीच स्वस्त. सासूबाईंच्या फाइलवर 'ओपन अँगल' (म्हणजे मोकळ्या कोनाचा काचबिंदू) लिहिलंय, मग चालेल ना? मुलाला थंडीत सर्दी झाली की सिरप देतो, ते ॲव्होमिनबरोबर दिलं तर? आणि रात्री काय करायचं ते राहिलं.

औषधालय_कुडाळ

ओपन अँगल असेल आणि दाब आटोक्यात असेल तर सहसा अडचण येत नाही, पण हो म्हणायचं ते त्यांच्या डॉक्टरांनी. त्यांनी परवानगी दिली तरी गुंगीचा मुद्दा राहतोच. पहिल्या रात्री गोळीविना बघा.

सिरपबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत. सर्दीच्या बहुतेक सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन किंवा त्याच जातीचं झोप आणणारं औषध असतं. त्यावर ॲव्होमिन म्हणजे एकाच प्रकारच्या औषधाचा दुप्पट डोस. सिट्रिझिनचंही तसंच. दोन्ही एका दिवशी नकोत. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा.

जहाजी_रत्नागिरी

रात्रीचं सांगतो. त्रासाची चाहूल आधी लागते: एकामागून एक जांभया, ओठावर गार घाम, तोंडाला पाणी सुटणं, चेहरा पांढरा पडणं. लहान मूल मात्र सांगत नाही, बडबड करता करता एकदम गप्प होतं. तिथेच मोबाइल काढून घ्या. पडद्यावर नजर खिळली की त्रास झपाट्यानं वाढतो.

त्या टप्प्यावर दोन वाटा. जागे असाल तर मधल्या उघड्या डेकवर या, किनाऱ्यावरचे दिवे दिसत असतील तर त्यांच्याकडे लांबवर बघा, सावकाश श्वास घ्या. उठवत नसेल तर उताणे पडा, डोकं उशांच्या मध्ये असं टेकवा की ते स्वतंत्र हलणार नाही, आणि डोळे मिटा. अर्धवट बसून डोळे उघडे ठेवणं दोन्हींपेक्षा वाईट. एसीचा झोत तोंडावर घ्या. अत्तर, बाम केबिनमध्ये उघडू नका.

पिशव्या घरूनच न्या: जाड, एकात एक अशा दोन, आत वर्तमानपत्राचा कागद. फुंकून भोक नाही ना ते तपासून घ्या आणि प्रत्येकाच्या उशाशी एक ठेवा. उलटी झाल्यावर चूळ भरा, दहा-पंधरा मिनिटं काही पिऊ नका. मग ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून, दर पाच मिनिटांनी चमचा-दोन चमचे. तहान लागली म्हणून ग्लासभर एकदम प्यायलं की तेच परत येतं. लाह्या किंवा कोरडा टोस्ट तासाभरानं.

उलट्या थांबत नसतील, सात-आठ तास लघवी झाली नसेल, किंवा सासूबाईंची बीपीची गोळी उलटून पडली असेल तर रिसेप्शनला फोन करून जहाजावरच्या डॉक्टरांना बोलवा. गोळी पोटात टिकत नसेल तेव्हा इंजेक्शन देतात. त्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात. पडलेली गोळी मनानं पुन्हा देऊ नका, डॉक्टरांना वेळ सांगा. छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय जड होणं, यातलं काही दिसलं तर ते बोट लागणं नव्हे. एक मिनिटही थांबू नका.

आणि मुंबईला उतरल्यावर दिवसभर जमीन हलल्यासारखी वाटली तर घाबरू नका. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत आपोआप जातं. त्यासाठी गोळी लागत नाही, फक्त त्याच दुपारी देवगडपर्यंत स्वतः गाडी चालवत जायचं ठरवू नका.