एकच वस्तू, वेगवेगळे भाव: तुमचे अनुभव लिहा

एप्रिल 2021 मध्ये कोविशील्डचे दर जाहीर झाले, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. पुण्यात तयार होणारी तीच लस केंद्राला 150 रुपयांना, राज्यांना 400 ला, खासगी रुग्णालयांना 600 ला. ओरड झाल्यावर राज्यांचा दर 300 वर आला. घाऊक घेणाऱ्याला स्वस्त हे मान्य, पण महाराष्ट्रासारखं राज्य काही किरकोळ गिऱ्हाईक नव्हे.

माझं मत असं, की भाव दोन असायला हरकत नाही, पण दोन्ही सगळ्यांना माहीत हवेत आणि फरकाचं कारण तोंडावर सांगता आलं पाहिजे. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. शेजारी पूर्ण तिकीट काढून बसलेला पुरुष कुरकुरेल कदाचित, पण आपल्याला फसवलं असं म्हणणार नाही. तुम्हाला कुठे वेगळा भाव लागला? दुकानदारांनीही मोकळेपणाने लिहा.

कराड

हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणून काउंटरच्या आतली बाजू सांगतो. नळ-फिटिंगची छापील किंमत इतकी फुगवलेली असते की त्या भावाने कोणी विकतच नाही. समजा, पिलर कॉकवर 900 छापलेत. रोजच्या प्लंबरला 540, ओळखीच्या घरमालकाला 650, नवख्याला 750. प्लंबर वर्षभर माल उचलतो, त्याला कमी लागणारच. इथपर्यंत ठीक.

खरी गोम पुढे आहे. प्लंबर घरमालकाला सोबत घेऊन येतो तेव्हा भावाबद्दल चकार शब्द काढत नाही. बिल 750 नं फाटतं. संध्याकाळी तो एकटा येतो आणि आपले दीडशे-दोनशे घेऊन जातो. नाही दिले तर पुढचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात. छापील किमतीच्या आत असल्याने कायदा आड येत नाही. मला हे अजिबात पटत नाही, पण बाजारातल्या सगळ्यांनी मिळून बंद केलं तरच बंद होईल.

पुणे

स्टेशनबाहेर आई आणि मी शेजारी उभ्या होतो. एकच ॲप, एकच पत्ता, तीच छोटी गाडी. आईच्या साध्या फोनवर 212, माझ्या महागड्या फोनवर 248. पुन्हा बघितलं, फरक तसाच. जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशाच तक्रारींवरून टॅक्सी ॲप कंपन्यांना नोटिसा काढल्या, तेव्हा फोन बघून भाडं ठरत नाही असं कंपन्यांनी सांगितलं. मग कशावरून ठरतं ते तरी सांगा! मीटरच्या रिक्षावाल्याशी वाद घालायला निदान दरपत्रक असतं.

म्हापसा

मासळी बाजारात बांगड्यांचे वाटे मांडलेले असतात. कोकणीतून विचारलं तर एक भाव, हिंदीतून विचारलं की तोच वाटा दीडपट. पर्यटकांना वाईट वाटतं हे खरं, पण घासाघीस उघड्यावर चालते आणि पटलं नाही तर चार पावलांवर दुसरी मासेवाली बसलेली असते. मला यात अन्याय दिसत नाही.

न्यू जर्सी

वेरूळला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर मला 40 रुपये, माझ्या अमेरिकन नवऱ्याला 600. खिडकीवर फलक होता, त्याने वाचला आणि पैसे दिले. विषय संपला.

सोलापूर

वडील आयसीयूत होते. इंजेक्शनं हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती. एका कुपीवर 2,800 छापलेले. तेच औषध, तेवढीच मात्रा, वेगळ्या कंपनीची कुपी बाहेर 1,100 ला मिळत होती. आणली तर नर्स म्हणाली, ‘बाहेरचं चालणार नाही.’ छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेतला नव्हता, म्हणून तक्रार तरी कशाची करायची? 2018 मध्ये औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर 1,737 टक्क्यांपर्यंत नफा निघाला होता. मासळी बाजारातून उठून जाता येतं. आयसीयूच्या दारातून कसं जाणार?

मदुराई

आम्ही मूळचे विट्याचे, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी इकडे आलो. इथलं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. वेंकटस्वामींनी 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू केलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला ज्याला परवडतं तो पैसे देतो, ज्याला नाही त्याची फुकट. डॉक्टर दोन्हीकडे आळीपाळीने काम करतात. फरक खोलीत आणि खाटेत. माझ्या आईचे आम्ही पैसे भरले, आमच्या भट्टीवरच्या कामगाराच्या वडिलांचं फुकट झालं. त्यांची नजर आईइतकीच स्वच्छ आहे. असे दोन भाव मला हवेत.

नाशिक

कराडच्या दादांना: सध्या घराचं काम चालू आहे म्हणून विचारते. प्लंबरचे ते दीडशे बिलावर वेगळे लिहून द्या ना. त्याने दुकान दाखवलं, माल पारखून घेतला, त्याचे पैसे द्यायला माझी ना नाही. फक्त ते मी देतेय हे मला कळू द्या.